दवाखान्यापाशी थांबा

कुडव्यापासून गोंदियाच्या रेल्वे स्टेशनपर्यंत शहर बस सुरू होणार होती. थांबे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकताच नोकरीला लागलेला अभियंता. साहेब म्हणाले, "पाचशे मीटरवर एक. टेप घे, चुन्याच्या खुणा करून ये."

काम सोपं वाटलं. पण दुसरी आणि तिसरी खूण यांच्या बरोबर मध्ये एक दवाखाना आला. पायाला पट्टी बांधलेली एक बाई तिथं पायरीवर बसली होती.

"काय मोजून राहिला बाबू?"

"बसचा थांबा."

"मंग इथं काऊन नाही?"

"दोन्हीकडून अडीचशे मीटरच आहे, मावशी. पाच मिनिटांचा रस्ता."

"तुह्या पायानं का माह्या?"

मी तिच्यासोबत मागच्या खुणेपर्यंत चालून पाहिलं. ती वाटेत दोनदा बसली. वीस मिनिटं लागली.

परत येऊन मी दवाखान्यापाशी खूण केली. मग शाळेपाशी केली, बाजारापाशी केली, एका वस्तीपाशीही केली. नकाशा बसच्या ड्रायव्हरला दाखवला. त्यानं रिकामी बस काढून मला शेजारी बसवलं आणि तो माझ्या प्रत्येक खुणेवर थांबत गेला. निम्म्या वाटेतच मी घड्याळ पाहू लागलो.

"सर, आप ही बोर हो गए," तो म्हणाला. "ट्रेन पकडणाऱ्याचं काय होईल?"

त्याचंही खरं होतं. बाईचंही खोटं नव्हतं. दोन दिवस मी नुसता नकाशा उलटसुलट करत राहिलो. शेवटी तीन थांबे खोडले, दवाखान्याचा ठेवला. अंतरं सारखी का नाहीत, हे साहेबांनी विचारलं. मला नीट सांगता आलं नाही. तरी त्यांनी सही केली.

बस सुरू झाल्यावर एकदा ती बाई दवाखान्याकडे चालत येताना दिसली. मी विचारलं, "बसनं का नाही आल्या?"

"उतराले थांबा देल्ला बाबू, चढाले कुठी जाऊ? माह्या घरापाशी तं बस थांबतच नाही."

तिचं घर मी खोडलेल्या एका थांब्यालगत होतं. ती कुठून येते, हे मी विचारलंच नव्हतं. शरमेनं त्याच आठवड्यात प्रस्ताव करून तो थांबा पुन्हा मंजूर करून घेतला. ड्रायव्हर महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आता पुढच्या वस्तीचा थांब्यासाठी अर्ज आलाय. त्यांच्याकडे एक म्हातारे गुरुजी आहेत, त्यांना चालवत नाही. अर्ज मी तीनदा वाचला. हो म्हणावं की नाही, काही सुचत नाही.