दीड इंच आत

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात दोन यंत्रं होती, एक लांब टेबल होतं आणि एक आरसा, ज्यात गिऱ्हाईक असतं त्यापेक्षा जरा बारीक दिसायचं. मास्तर हे कधी कबूल करत नसत.

बिलाला कापडाचा तुकडा टाचायची त्यांची सवय घरातही शिरली होती. कपाटात तीन पाकिटं. राखाडी तुकड्याच्या पाकिटात बँकेतल्या मुदतठेवीची पावती, म्हातारपणासाठी. लाल तुकड्याच्या पाकिटात सोन्याच्या नाण्यांची बिलं, लेकीच्या संसारासाठी. निळ्यात म्युच्युअल फंडाचे कागद. ते लेकीनंच हट्टानं घ्यायला लावलेले, तिच्या पुढच्या शिक्षणासाठी. घरखर्च भागला की उरलेली पै न पै या तिन्हींत जायची. हाताशी काही राहत नसे, आणि मास्तरांना त्याचाच अभिमान होता.

एका दुपारी दुकानाचे मालक आले. सव्वीस वर्षं भाडं नेणारा माणूस, स्टुलावर टेकून हळूच म्हणाला, "मास्तर, मी मुलाकडे राहायला चाललोय. गाळा विकतोय. तुम्ही घेतलात तर मला बरं वाटेल. बाकीच्या पैशांचं कर्ज बँक देईल, पण विसार आठ दिवसांत हवा. नाहीतर तो मोबाइलवाला तयारच आहे."

संध्याकाळी तिन्ही पाकिटं पलंगावर आली.

"फंड मोडू या?" लेक म्हणाली.

"बाजार पडलाय ना आत्ता? आणि तुझं शिक्षण?"

"मग नाणी?" बायकोनं विचारलं.

"ती लेकीची आहेत."

"आणि ठेव?"

"अगं, ती म्हातारपणाची! मुदतीला अजून वर्ष आहे. मोडली तर व्याज कापतात."

"अहो," बायको चष्मा पुसत म्हणाली, "लोकांची पोरं वाढतील म्हणून त्यांच्या पँटींना दीड इंच कापड आत दुमडून ठेवता. पोट सुटेल म्हणून कमरेला सोडता. आणि स्वतःच्या पैशाला अर्धा इंचसुद्धा नाही? अगदी अंगाबरोबर बेतलात की!"

लेक तोंडावर हात ठेवून हसली. इतक्या वर्षांत मास्तरांच्या कामात कुणी अशी चूक दाखवली नव्हती, आणि दाखवली ती जिला बटणही धड लावता येत नाही तिनं.

बराच वेळ त्यांनी राखाडी तुकडा बोटांत चोळला.

"म्हातारपणी मी बसणार कुठं?" ते शेवटी म्हणाले.

"इथं पलंगावर नको," बायको म्हणाली. "दिवसभर माझ्या डोक्याशी भुणभुण कोण ऐकणार?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेव मोडली. व्याज कापलं गेलं, ते त्यांना आठवडाभर खुपलं. पण विसार पोचला, मोबाइलवाल्यानं दुसरीकडे गाळा बघितला, आणि कर्जाचा पहिला हप्ता भरायच्या आत दुकानाच्या कागदांची नक्कल राखाडी पाकिटात गेली.

पुढच्या महिन्यात त्यांनी चौथं पाकीट केलं. त्याला अस्तराचा पांढरा तुकडा टाचला आणि साध्या बचतखात्याचं पुस्तक आत सरकवलं. हप्ता जाऊन उरलेलं थोडंसंच होतं.

"बाबा, हे कशासाठी?" लेकीनं विचारलं.

"अजून ठरलेलं नाही," मास्तर म्हणाले आणि टेप गळ्यात अडकवून दुकानाकडे निघाले.