हळद लागलेला कागद

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेल्या हळदीचा वास आला की मला आमच्या घरची बांबूची नळी आठवते. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती तेव्हाची गोष्ट. मी गोंडपिपरीला सातवी पास होऊन दसऱ्याला गावी आले होते, घरातली पहिली शिकलेली मुलगी. आम्ही तलावावर मासे धरणारे. दसऱ्याला जाळ्यांची पूजा व्हायची, आणि वाळवी लागू नये म्हणून नळीत जपलेला आजोबांचा कागदही जाळ्यांशेजारी मांडला जायचा. मालगुजाराने आजोबांना तलावाची राखण दिली त्याचा हा कागद, असं आत्या त्याला हळद लावताना दरवर्षी शेजारणींना सांगायची. वाचता कोणालाच येत नव्हतं. मी तो उचलला. “राहू दे वं, नोको वाचू,” बाबा म्हणाले, आणि मला त्यांच्या अडाणीपणाचं हसू आलं. मी सगळ्यांसमोर खणखणीत वाचलं: मालगुजाराच्या तलावातले मासे चोरल्याबद्दल सहा महिने सक्तमजुरी भोगून सुटका. शेजारणी खाली बघू लागल्या. आत्याचं हळदीचं बोट तसंच राहिलं. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, “मले मालूम होतं, पोरी. तुह्या आत्याले नोतं.” आत्या माझ्याकडेच बघत होती. “उलटून पाय बाई, मांगं काई चांगलं लिवलं असन.” मी उलटून पाहिलं आणि गुरुजींना उत्तर द्यावं तसं शाळेतल्या भाषेत सांगितलं, “कोरं आहे.” आज मी आत्याच्या तेव्हाच्या वयाची आहे. त्या कोऱ्या बाजूवरून मला काहीही वाचून दाखवता आलं असतं.