साडूंचा मागचा टायर

टायर या वस्तूबद्दल माझ्या थोरल्या साडूंना जे माहीत नाही, ते टायर बनवणाऱ्यांनाही अजून कळलेलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. कुणाला शंका असेल तर त्यानं नाशिकला इंदिरानगरात यावं, त्यांच्या गच्चीखाली उभं राहून 'टायर' एवढा एकच शब्द मोठ्यानं उच्चारावा आणि दुपारची बाकीची कामं रद्द करावीत. साडूंची सगळी नोकरी छापखान्यात गेली. छापून आलेल्या कागदातला दोष शोधायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कागद सुटले, पण दोष शोधणं काही सुटलं नाही. ते सगळं टायरांवर येऊन पडलं. त्यांच्याकडे लांबच्या प्रवासाची एक भलीमोठी मोटरसायकल आहे. ती स्टँडवरून उतरवताना शेजारीपाजारी श्वास रोखून बघतात आणि कॉलनीत तिला रणगाडा म्हणतात. ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, मागे बसायच्या आणि दोघं मिळून कुठंही जायचे. दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर तर जायचेच, शिवाय सांची झालं, अजिंठा कितीदा तरी झालं. साठीतलं जोडपं हेल्मेट घालून निघालं की आमच्यासारखे तरुण बाल्कनीतून टाटा करत.

इतर माणसं खिशाला पेन लावतात, साडू हवा मोजायचं मीटर लावतात. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आपण त्यांच्याकडे गेलो की 'या, बसा' म्हणायच्या आधी ते आपल्या गाडीपाशी वाकतात. एकदा मी भर उन्हातून स्कूटरवर गेलो, तर त्यांनी आधी स्कूटर सावलीत लावली, टायर थंड होईपर्यंत मला थांबवून घेतलं आणि मग हवा मोजली. टायर तापलेला असताना मोजलेली हवा म्हणजे चिडलेल्या माणसाचं मत, ते धरायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. मी खरं तर वीजबिलाचं काहीतरी विचारायला गेलो होतो. ते विचारायचं राहिलं आणि जेवून घरी आलो.

कळवणला माझ्या मेहुण्याच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. नवरदेवाची गाडी फुलांनी सजवून मांडवाबाहेर उभी होती, वाजंत्री तयार होती, आणि साडू नव्या सफारी सूटसकट गाडीच्या मागच्या चाकाशी आडवे झाले होते. अंगठ्यानं रबर दाबून, वास घेऊन त्यांनी निकाल दिला की हा टायर गोदामात पडून म्हातारा झालेला आहे, यावर नवरदेव बसवायचा नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, तो कुठल्या वर्षी, कितव्या आठवड्यात तयार झाला ते सांगणारे. साडू त्याला जन्मतारीख म्हणतात. ती जन्मतारीख त्यांनी मांडवभर वाचून दाखवली. नवरीकडचे एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत आले आणि त्यांनी मला अहिराणीत विचारलं, "हाऊ कोन शे?" आमचे साडू आहेत, असं मी सांगितलं. बहुतेक त्यांना ते पटलं नाही, कारण नंतर पंगतीत त्यांनी साडूंना ड्रायव्हर लोकांच्या ओळीत नेऊन बसवलं. साडूंना त्याचा आनंदच झाला. आयुष्यात पहिल्यांदा सबंध पंगत त्यांच्या विषयावर बोलत होती. वरात मात्र चाक बदलूनच निघाली.

जेवताना ते भाकरीवरून टायर समजावून सांगतात. मऊ रबर रस्त्याला घट्ट धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण ओल्या वळणावर दगा देतं, म्हणून चांगला टायर मधोमध कडक आणि कडांना मऊ असावा लागतो. हे सांगताना ते आपली भाकरी उचलून दाखवतात आणि ती चर्चा संपेपर्यंत भाकरी मध्ये, कडेला, सगळीकडेच कडक झालेली असते. ताई दुसरी वाढतात. झिजलेला टायर साडू कधी टाकत नाहीत. गच्चीवर प्रत्येक टायरमध्ये माती भरून ताईंनी काही ना काही लावलेलं आहे, आणि ज्या प्रवासात तो टायर झिजला त्याच नावानं तो ओळखला जातो. त्यामुळे त्या घरात 'सांचीतून दोन पानं कढीपत्ता आण' किंवा 'नागपूरला पाणी घातलं का' अशी वाक्यं ऐकू येतात. नवीन पाहुणा गोंधळतो, आम्ही सरावलो आहोत.

अशा माणसाच्या टायरनं एकदा दगा दिला. मागच्या वर्षी पेठच्या घाटातून दोघं परत येत होते. पाऊस नुकताच थांबला होता आणि एका वळणावर डोंगरातून ओघळून आलेली लाल माती पसरली होती. गाडी काही जोरात नव्हती, पण मागचं चाक सरकलं आणि दोघं आडवे झाले. साडूंची नुसती पँट फाटली. ताईंचं मनगट मोडलं. रस्त्याच्या वरच्या अंगाला एक घर होतं. तिथल्या म्हातारीनं ताईंना आधार देऊन ओसरीवर बसवलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि गवती चहा घालून कोरा चहा पाजला. तसा चहा जन्मात प्यायले नाही, असं ताई प्लॅस्टर घालून घेताना डॉक्टरांनाही सांगत होत्या.

प्लॅस्टर निघालं, हात बरा झाला, पण त्यानंतर ताई गाडीवर बसल्या नाहीत. 'बसणार नाही' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. कुठं जायचं निघालं की म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षानं येते." आणि साडू पुढे व्हायचे. त्यांनी जाहीर करून टाकलं की दोष सगळा मागच्या टायरचा, तो मधोमध झिजून सपाट झाला होता आणि ते आपल्या नजरेतून सुटलं. आता दोन्ही टायर नवे येतील, मगच पुढचं काय ते. त्या वर्षी नागपूरला दोघं रेल्वेनं गेले. साडू खिडकीशी बसून होते आणि रस्ता दिसला की बघत होते, असं ताईंनी माझ्या बायकोला सांगितलं.

मग टायरची निवड सुरू झाली. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला न्यावं तसं मला ते प्रत्येक दुकानात बरोबर न्यायचे. सातपूर झालं, पंचवटी झाली, मुंबई नाका झाला. एका टायरचा वास आवडला नाही, एकाची जन्मतारीख जुनी निघाली. एका ठिकाणी पुढचा टायर पसंत पडला, पण त्याच्या जोडीचा मागचा नव्हता, आणि पुढचा एका घराण्यातला, मागचा दुसऱ्या घराण्यातला, हे त्यांना मान्य नव्हतं. मी आपला हो ला हो करत होतो आणि प्रत्येक दुकानातला चहा पीत होतो. चहाच्या बाबतीत मुंबई नाका उत्तम.

पण हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळं जुळत आलं की दुकानदार शेवटी एकच प्रश्न विचारायचा, "काका, एकटेच फिरता का डबल सीट?" प्रश्न साधा होता. एका माणसाचं वजन आणि दोन माणसांचं सामानासकट वजन, यांना वेगवेगळा टायर लागतो. जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं खिशात घेऊन फिरणारा हा माणूस त्या प्रश्नाला नुसता खिसा चाचपायचा. मग टायर पुन्हा हातात घ्यायचा, एखादा दोष शोधून काढायचा आणि 'बघतो, येतो' म्हणून बाहेर पडायचा. तिसऱ्या दुकानात मला कळलं की साडू टायर निवडत नव्हते, टायर घेणं लांबवत होते. टायर आला की टायरचं निमित्त संपणार, आणि मग ताई बसतात की नाही ते दिसणार. त्यांना त्याची भीती वाटत होती. मला त्यांचा इतका कळवळा आला की त्या दिवशी परतताना, त्यांनी न सांगता, मी माझ्या स्कूटरची हवा तपासून घेतली.

हे मी घरी बायकोला सांगितलं. दोन बहिणींमध्ये बातमी किती वेगानं जाते याचा मला विसर पडला होता. पुढच्या रविवारी साडूंनी द्वारका चौकाजवळचं एक दुकान ठरवलं होतं. मी त्यांच्या दारात पोहोचलो तर ताई पर्स घेऊन तयार. मलाही टायर बघायचाय, म्हणाल्या आणि माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. साडू रणगाडा घेऊन पुढे गेले. सगळ्या रस्त्यानं ते आरशातून मागे बघत होते, त्यामुळे दोनदा सिग्नलला मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या.

दुकानात ताईंना प्लॅस्टिकची खुर्ची दिली. साडूंनी टायर दाबला, हुंगला, गोल फिरवून पाहिला. दोष काही सापडेना. आणि दुकानदारानं विचारलं, एकटे का डबल सीट.

साडूंनी नुसतं "ते असं आहे की" म्हटलं.

"डबल," ताई खुर्चीतूनच म्हणाल्या. "आणि मागची बाई वजनदार आहे. तसा द्या."

साडू वळले. "तू बसणार?"

"वर्षभर सगळ्या नाशिकच्या टायरवाल्यांना विचारत फिरलात," ताई म्हणाल्या. "मला एकदा विचारायचं होतंत. मी वाटच बघत होते."

साडूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या दिवशी त्यांनी टायरची जन्मतारीख पाहिली नाही. कुणीतरी बघायला हवी म्हणून मी वाकून पाहिली. ताजी होती.

नव्या टायरवर पहिल्यांदा एक गुळगुळीतपणा असतो, तो रस्त्यावर घासून जाईपर्यंत मागे कुणाला बसवायचं नाही, हा साडूंचा नियम. त्यासाठी ते एकटेच गेले आणि मुद्दाम पेठच्या घाटात गेले. संध्याकाळी परत आले ते त्या म्हातारीकडून मुळासकट गवती चहाचा एक गड्डा घेऊन. ताईंनी तो त्या जुन्या मागच्या टायरमध्ये लावला. गच्चीवर आता सांची आणि नागपूरच्या शेजारी पेठही आहे.

या वर्षी दोघं नागपूरला गाडीवरून गेले. निघताना साडूंनी थंड टायरांची हवा मोजली, हेल्मेट घातलं, आणि गाडीवर बसायच्या आधी ताईंसमोर उभं राहून विचारलं, "बसतेस ना?" आता ते प्रत्येक वेळी विचारतात. भाजीला जायचं असलं तरी विचारतात. आणि ताई प्रत्येक वेळी थोडा विचार केल्यासारखं करतात, मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चढून बसतात. मनगट मोडलं होतं तोच हात असतो तो.

नागपूरहून परत येईपर्यंत गच्चीच्या किल्ल्या माझ्याकडे देऊन गेले आहेत. मी संध्याकाळी सगळ्या गावांना पाणी घालतो. ते नसले की कॉलनीत कुणीच कुणाच्या चाकाशी वाकत नाही, आणि आता कुणाकडे वीजबिलाचं विचारायला गेलो तर तेवढंच विचारून परत यावं लागेल, असं उगीच वाटत राहतं. काल पेठला पाणी घालून झाल्यावर दोन पाती खुडली आणि घरी चहा केला. बायकोनं कप हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, आपणही कुठंतरी जाऊन आलं पाहिजे. मी खाली गेलो, स्कूटरचा मागचा टायर अंगठ्यानं दाबून पाहिला, आणि वर येऊन तिला विचारलं.