लाइन बंद
ठोंबरेकाकांच्या तोंडून 'लाइन' हा शब्द मी सात वर्षांत एकदाच ऐकला, तोही त्यांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी. नेटवर्क बसवण्याच्या धंद्यातला माणूस आणि लाइन म्हणायचं नाही! "करंट म्हणा, नाहीतर इंटरनेट म्हणा," ते दरडावायचे. कोणी 'बंद आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कोणी केलं? तू डोळ्यांनी पाहिलं?" मला भयंकर चीड यायची.

फॅक्टरीतून रिटायर होऊन ते आमच्या छोट्या कंपनीत आले होते. राउटर-स्विच माझ्याकडे, वायरिंग आणि ती उपकरणं ठेवायची लोखंडी कपाटं, म्हणजे रॅक, त्यांच्याकडे. मदन महल भागातून सायकलनं यायचे, खिशाला लाल टेस्टर. तो आधी चालू बोर्डात लावून पाहायचा, मग रॅकला, मग पुन्हा बोर्डात. "टेस्टरही खोटं बोलते," म्हणायचे. या सगळ्या वेळात डावा हात पँटच्या खिशात, करंट छातीतून जाऊ नये म्हणून. मग उजव्या हाताची उलटी बाजू रॅकच्या पत्र्याला हळूच टेकवायची. यूपीएस कायम सर्वांत खाली. "जड वर ठेवलं तर रॅक पडते. अन् पडते ते माणसावर."

एवढं करेपर्यंत माझं अर्धं काम उरकलं असतं. "काका, मुहूर्त निघाला का?" मी चिडवायची. ते हसायचे नाहीत. कुठेतरी बघत राहायचे, आणि मग मलाच उगाच कसंतरी व्हायचं.

गोहलपूरला सलवार-सूट शिवणाऱ्या एका कारखान्याचं इंटरनेट सकाळपासून ठप्प होतं. भर दुपारी आम्ही पोचलो. काका सामान घेऊन मागून जिना चढत होते. मला कुठला धीर! वरच्या खोलीत रॅकचं मागचं दार उघडलं. उपकरणांचे सगळे दिवे विझलेले, आत जळका वास, आणि पॉवरपट्टीची वायर सुटून लोंबत होती. रॅकचा मेन स्विच खालच्या मजल्यावर, कारखान्याच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या टेबलामागे. मी तिथूनच जिन्याकडे तोंड करून ओरडले, "भैया, लाइन बंद है क्या?"

शिलाई मशिनींच्या खडखडाटातून उत्तर आलं, "हाँ दीदी, लाइन तो सुबह से बंद है!"

मी वायरकडे हात नेला.

मनगटावर सण्णकन फटका बसला. कापड मोजायचा लाकडी गज काकांच्या हातात होता. त्यांनी टेस्टर पुढे केला. सुटलेल्या तारेवर तो लालभडक पेटला.

ऑपरेटर धावत वर आला. "दीदी, मैं तो इंटरनेट की बोल रहा था!"

त्याची काय चूक? शब्द माझाच होता.

स्विच पाडून, स्वतः पाहून आम्ही जिन्यात बसलो. चहा समोर निवून गेला. "काहून घाई करून राहिली होती वं पोरी?" ते म्हणाले. मग स्वतःहूनच सांगू लागले.

"माझा धाकटा भाऊ, दिलीप. फॅक्टरीत तो खाली करंटच्या पॅनलवर, मी वर टेलिफोनवर. त्या दिवशी फोन मेला. मी खिडकीतून ओरडलो, लाइन बंद आहे! मी फोनचं बोलून राहिलो होतो. त्यानं करंटचं समजलं अन् हात घातला."

"त्यांनी टेस्टर लावला नाही?"

"मोठा भाऊ सांगून राहिला म्हटल्यावर कोण लावते?"

मला रडू आवरेना. मनगट ठणकत होतं, आणि ते ठणकतंय याचाच आधार वाटत होता.

"आज जिन्यात तेच शब्द ऐकले अन् माझे पायच उचलेनात," काका म्हणाले. "तू हात नेऊन राहिली, अन् मी उभाच. गज हाती लागला म्हणून. चलो, झालं आता. उद्यापासून मी येत नाही."

मी खूप विनवलं. ते ऐकणारे नव्हते. आता तर काका या जगातही नाहीत. पण त्या दिवशी सायकलवर बसण्याआधी त्यांनी खिशातला टेस्टर काढून माझ्या हातात ठेवला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "चांगला आहे ना हा, काका?"

ते एकदम भडकले. "मलेच विचारून राहिली? जा, आधी बोर्डात लावून पाहा!"