करडईत कोण उतरलंय

आमच्या हॉटेलच्या अंगणात कडुनिंब आहे. सकाळी कितीही झाडून घ्या, दुपारपर्यंत पुन्हा पाचोळा. इथल्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगून मोकळं व्हावं, तर तोवर दुसरा येऊन पडलेला असतो. मी मूळची बिलोलीची. लातुरात या काउंटरवर बसायला लागून सहा वर्षं झाली. दुपारी दोन ते चार सगळं गाव पडदे ओढून पडलेलं असतं, तेव्हा मी इथं एकटी बसून हेच आठवत असते. त्या वेळी डुलकी कुठली आणि आठवण कुठली, मला खरंच सांगता येत नाही.

हॉटेल म्हणजे बुटीक हॉटेल, आठ खोल्यांचं. डॉक्टर लोकांची कॉलनी, बंगल्यांची रांग, प्रत्येक कंपाउंडवर बोगनवेल. मालक अप्पा, उदगीरचे धान्याचे व्यापारी. अडत मुलाच्या हाती दिली आणि इथं शेजारी शेजारी दोन बंगले घेतले. एकात अप्पा आणि काकू राहतात, दुसऱ्यात हॉटेल. मधल्या भिंतीत लहानसं फाटक. हॉटेलचं स्वयंपाकघर काकूच बघतात, त्यामुळे दिवसभर त्या फाटकाची कडी वाजत असते.

सुरुवातीला पुण्याहून एक डिझायनर बाई आल्या होत्या. त्यांनी भिंती राखाडी केल्या, पलंग बुटके केले, आणि दिवे इतके मंद लावले की अप्पा रोज विचारायचे, "लाईट गेली का?" मग बाई म्हणाल्या, खोल्यांना नंबर नकोत, नावं द्या. लव्हेंडर, ऑर्किड अशी यादीच आणली होती. अप्पांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा काढला.

"ताई, यातलं एक तरी मी जन्मात विकलंय का?"

तेव्हापासून आमच्या खोल्या ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, सोयाबीन आणि करडई. आता काउंटरवर दिवसभर हेच चालतं. उडदात गरम पाणी येईना, तुरीतले साहेब नाश्त्याला उतरले का. निलंग्याच्या एका जोडप्याला सोयाबीन दिली तर बाई दारातच थांबल्या. "घरी तेच हाय, शेतात तेच हाय. इथं तरी दुसरं द्या की."

करडई म्हणजे वरची कोपऱ्यातली. खिडकीला कडुनिंब लागून आहे. दुपारी पडद्यावर पानांच्या सावल्या हलत राहतात, आणि माणूस त्यांच्याकडे बघता बघता कधी झोपतो ते त्याचं त्याला कळत नाही.

पाहुणा झोपलाय, दार वाजवू नका, अशा दारावर लावायच्या पाट्या डिझायनर बाईंना इंग्रजीत हव्या होत्या. अप्पांनी पेंटरला स्वतः सांगून लिहून घेतल्या: "झोपून राहिलो."

आता काकूंचा नियम सांगते. पाहुणा आला की आधी गूळ-पाणी, मग विचारायचं, "प्रवास कसा झाला?" ओळखपत्र, सही, चावी सगळं नंतर. एकदा कुठल्याशा कंपनीचे एक साहेब आले. घाईत होते.

"मला फक्त चावी द्या."

काकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. "प्रवास कसा झाला?"

"ठीक."

"ठीक म्हंजे कसा?"

साहेब बसले. आधी गाडीचं सांगितलं, मग नोकरीचं, मग आईचं. काकू मान हलवत ऐकत होत्या. बोलता बोलता साहेब सोफ्यावरच झोपले, ते दिवेलागणीला उठले आणि चहा घेऊन थेट परतीच्या गाडीला पळाले. जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहून गेले, "खोली छान असावी."

काकूंची आणखी एक वही आहे, चहाची. कोण किती गोड घेतो, आलं चालतं का, दूध वरून लागतं का, प्रत्येक पाहुण्याचं एक पान. दोन वर्षांनी परत आलेल्या माणसाला न विचारता त्याचा चहा मिळाला की तो कपाकडे बघतच राहतो. मी तर एका दणकट पोलीस अधिकाऱ्याचे डोळे भरलेले पाहिलेत. कारण काय, तर गवती चहाची एक काडी.

लातूर काही फिरायला यायचं गाव नाही. येतात ते बहुतेक पोरांच्या क्लासपायी आलेले आईबाप. पण आमचं पहिलं कायमचं गिऱ्हाईक निघालं तीन घरं सोडून राहणारं. रिटायर झालेले मास्तर. पत्त्याच्या रकान्यात आमचीच गल्ली. मी विचारलं, "मास्तर, घर असताना?"

"घरी सूनबाईच्या ट्यूशन हायेत. पंधरा पोरं बेडकाचं हृदय पाठ करून राहिलेत. झोपू कुठं?"

घरी त्यांनी वाचनालयात जातो म्हणून सांगितलं होतं. महिनाभर बरं चाललं. मग एका दुपारी त्यांच्या मंडळींचा फोन आला, आणि तो नेमका अप्पांनी उचलला. "मास्तर? हाव, हायेत की. मुगात झोपलेत."

अर्ध्या तासात सगळं घर मुगाच्या दारात. मास्तर उठून बसले आणि घरच्यांसमोर अप्पांना एवढंच म्हणाले, "तुमच्या भरवशावर झोपलो होतो."

अप्पांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद लिहून काउंटरमागे चिकटवला: पाहुण्यांची माहिती बाहेर कुणालाही दिली जाणार नाही. खाली सही, तारीख, वर भस्माचं एक बोट.

नांदेडच्या एक डॉक्टरीण बाई लेकीला क्लासला सोडायला आल्या आणि करडईत उतरल्या. दोन दिवसांत जेवायला तेवढ्या उठल्या. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहून आम्हाला स्वप्न सांगत होत्या. विष्णुपुरी धरणाचं पाणी चढत चढत थेट करडईच्या खिडकीपर्यंत आलंय, आणि त्या काठावर पाय सोडून बसल्यात. कुणी हाक मारत नाही. लेक नाही, पेशंट नाही, कुणीच नाही.

काकूंचं लाटणं थांबलं होतं. बाई गेल्यावर मला म्हणाल्या, "मला स्वप्न पडून किती वर्षं झाली असतील गं?"

मग त्यांनी सांगितलं ते मी विसरले नाही. देगलूरच्या माहेरी आता कुलूप, भाऊ हैदराबादला गेला. लग्नापासून पाहुण्यांचं केलं, पण स्वतः कुठं पाहुणी म्हणून गेल्या नाहीत. स्वयंपाकघर आवरून पाठ टेकेपर्यंत अडीच होतात. अप्पा दीडला झोपतात, तीनला उठतात, आणि उठले की पहिली हाक, "अगं, चहा."

"डोळा लागला की हाक येते," काकू म्हणाल्या. "माणूस वाईट न्हाई. पण मला एक दुपार पायजे. कुणाच्या तरी घरची पाहुणी होऊन एक दुपार पुरती झोपायचंय."

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. काकू उठल्या. मला अप्पांचा राग आला, आणि आपण गप्प बसलो म्हणून स्वतःचाही.

ही मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे दोन. मी काउंटरवर पेंगत होते. फाटकाची कडी वाजली नाही, रस्त्याकडचं मोठं गेट वाजलं. इरकल साडी, हातात लहान बॅग, कपाळावर घाम. काकू.

"खोली हाय का?" त्यांनी विचारलं.

मी उभी राहिले. गूळ-पाणी दिलं, रजिस्टर पुढं केलं. त्यांनी सही केली. मी करडईची चावी दिली. तरी त्या थांबल्या होत्या, काहीतरी राहिल्यासारख्या. मग वर गेल्या. मी इतकी गोंधळले होते की काय राहिलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

तीन वाजता भिंतीपलीकडून हाक. "अगं, चहा." मग दुसरी. मग तिसरी, जरा घाबरलेली. फाटक उघडून अप्पा बनियनवरच आले.

"ही कुठंय?"

मी मागच्या कागदाकडे बोट केलं. "पाहुण्यांची माहिती बाहेर देता येत नाही, अप्पा."

अप्पांनी स्वतःचं अक्षर दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाचलं. मग किल्ल्यांच्या बोर्डाकडे पाहिलं. करडईचा हूक रिकामा होता. जिन्याखाली काकूंच्या चपला होत्या. ते तसेच स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ डबे उघडायचे आणि झाकायचे आवाज येत होते. मग दारात आले.

"हिला साखर किती लागते?"

मी चहाची वही काढली. मास्तरांचं पान होतं, डॉक्टरीण बाईंचं होतं, त्या सोफ्यावरच्या साहेबांचंसुद्धा होतं. काकूंचं नव्हतं.

"यात नाही, अप्पा."

"वहीत कशाला पायजे," ते हळूच म्हणाले. "मला ठाऊक पायजे होतं."

साखर वेगळ्या वाटीत घालून ट्रे घेऊन ते वर गेले. खोटं कशाला बोलू, मीही जिन्याच्या वळणापर्यंत गेले. दारावर पाटी होती: "झोपून राहिलो." दार वाजवायला उचललेला हात अप्पांनी खाली घेतला आणि ट्रे शेजारी ठेवून वरच्या पायरीवर बसले. चहा निवला की खाली येऊन नवा करायचे, पुन्हा वर जाऊन बसायचे. असे चार चहा झाले. ऊन कडुनिंबावरून उतरून कंपाउंडवर आलं, तरी आत सामसूम.

पावणेसहाला कडी निघाली. काकू दारात आल्या. अंबाडा सुटलेला, गालावर उशीच्या वळ्या. अप्पा ट्रे घेऊन घाईनं उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्या पाहुण्याला विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"प्रवास कसा झाला?"

काकूंनी वाटीतून दीड चमचा साखर घेतली, सावकाश ढवळली.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगते."