लेसच्या कारखान्यातून उठलेल्या सरलाबाई

आमच्या शहरातल्या लिंबायत भागात सरलाबाईंचा साड्यांना लेस लावायचा कारखाना होता. बारा मशिनं, बारा बाया. नवरा गेल्यावर तो त्यांनी एकटीने वाढवला. साडी मार्केटातले व्यापारी त्यांना नावाने ओळखत.

पाच वर्षांपूर्वी दिवाळीचा सीझन संपला, शेवटचा टेम्पो माल घेऊन गेला आणि बाया सुट्टीवर गावी गेल्या. रिकाम्या टेबलांपाशी उभ्या असताना सरलाबाईंना वडिलांची आठवण आली. पारोळ्याकडच्या खेड्यात चिंधाआप्पा देवळात भजनाला बसत. लहानगी सरला एकदा त्यांना जेवायला बोलवायला गेली. तीन हाका मारल्या, पण आप्पांना ऐकूच गेल्या नाहीत. भजनात मनाने कुठे गेले होते ते? तिने कधी विचारलं नाही, आणि आप्पा वारून तर वीस वर्षं झाली. आपलं तिथे जायचं राहूनच गेलं, असं त्या दिवशी सरलाबाईंना फार लागलं.

"मम्मी, धंदो आत्ता कुठे जमला, आणि तू उठतेस?" ललित, त्यांचा मुलगा, म्हणाला.

"तू आणि वर्षा आहात ना. माझं दुसरं काम पडून राहिलंय."

कारखाना त्यांनी मुला-सुनेवर सोपवला. पोथ्या वाचल्या, जाणत्या लोकांपाशी बसल्या. मग आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी बायकांना समजेल अशा भाषेत सांगू लागल्या. बोलणं गोड होतं. चाळीस-चाळीस बायका जमायच्या. मन शांत कसं करावं, यावर त्यांनी एक पुस्तकही लिहायला घेतलं.

दोन वर्षं अशी गेली. एका गुरुवारी प्रवचन संपता संपता मागे बसलेल्या रंजनाने गावाकडच्या बोलीत विचारलं, "ताई, तुमले तरी भेटना का तो देव?"

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. देव भेटला का, हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सरलाबाईंनी पुढ्यातली पोथी मिटली. मग म्हणाल्या, "नही बाई. माले आजून नही भेटना. नुसती वाट पाहतेय."

पुढच्या गुरुवारी अकरा बायका आल्या. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याचं काय ऐकायचं, असं बाकीच्या म्हणाल्या म्हणे. रंजना मात्र आली, आणि येताना बहिणीला घेऊन आली.

लिहून झालेली पानं सरलाबाईंनी बाजूला ठेवली. "त्यात मी पोहोचल्यासारखी बोलतेय," त्या मला म्हणाल्या. पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसल्या. अडलं की कारखान्याच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. वर्षाला कळायचं. ती एखादी साडी पुढे करायची. तासभर मशीन चालवून सरलाबाई उठायच्या. या हातांना तेच काम गोड लागतं, असं त्यांनी मला एकदा सांगितलं, आणि सांगताना ओशाळून मान वळवली.

पुस्तक गेल्या वर्षी छापून झालं, छोटंसंच. ते वाचून कामरेज गावच्या काही बायकांनी त्यांना बोलावलं. तिथे त्या आता दर सोमवारी जातात. वर्षाने परवा विचारलं, "आई, एवढं करून काही दिसलं का हो?"

"नाही गं," त्या चप्पल घालत म्हणाल्या. "पण आता त्याची वाट पाहिल्यावाचून करमत नाही."

आणि बस चुकू नये म्हणून घाईने जिना उतरल्या.