कॉलरमधलं कुंकू

सन २०२४. मला एकाहत्तर सरून बहात्तरावं लागलं होतं, आणि लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, आता माझा हात चालत नाही हे माझ्याशिवाय घरात सगळ्यांना कळलेलं होतं.

शाळा मी चौथीत सोडली. इंदापूरला एका वर्कशॉपात झाडू मारता मारता टर्नर झालो. मग सांगवीत रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकून स्वतःचा छोटा लेथ बसवला. पुढं वयानं हात कापायला लागला. मुलगा दुधाच्या टँकरवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. म्हणून सूनबाई मशीनवर उभी राहिली. शिकवलं मीच. पण शिकून झाल्यावर ती माझं ऐकेना, हे मला टोचायचं.

तिनं पुण्याहून एक नवा चक, ड्रिल पकडून ठेवणारी मूठ, आणला. लेथच्या मागच्या अंगाला, टेलस्टॉकमध्ये, तो बसवायचा. त्याची कॉलर, म्हणजे बाहेरचं सरकतं कडं, मागं ओढली की ड्रिल होल्डरसकट हातात येतं. दुसरं हत्यार आत सरकवून कॉलर सोडली की आतले छर्रे खाचेत बसतात आणि टक् असा आवाज येतो. चावी नाही, ठोकाठोकी नाही. ती रोज संध्याकाळी रॉकेलच्या ब्रशनं तो धुवायची, कोरडा पुसायची आणि पातळ तेलाचा एक थेंब सोडायची.

मी म्हणायचो, "तान्हं बाळ हाय का ते, रोज न्हाऊ घालतीस?"

"बाळ बरं की आबा. ते रडून सांगतं तरी."

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. इंदापूरला असल्यापासून माझी रीत एकच. खोबरेल तेलात हळदकुंकू कालवायचं आणि चकला बोटांनी ओढायचं, वर अक्षता. जुन्या तीन जबड्यांच्या चकला त्यानं कधी काही झालं नाही. त्या दिवशी मी वाटी घेऊन गेलो तर ती म्हणाली, "आबा, ह्या नव्याला काय लावू नका. नुसतं फूल ठिवा."

"देवाला तू जागा ठरवून देणार व्हय?"

"देवाला न्हाय, तेलाला."

ती नैवेद्य आणायला घरात गेली. मी कॉलर मागं ओढली आणि आतल्या फटीत तेलकुंकवाचं बोट फिरवलं. चांगलं दोनदा, वर चार अक्षता. मग बाहेरून धोतराच्या सोग्यानं स्वच्छ पुसून वर तिचं झेंडूचं फूल ठेवून दिलं. देवाला दिसलं म्हणजे झालं, तिला कशाला दिसायला पाहिजे?

पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत आम्ही हलवत नाही, म्हणून तिचं रोजचं धुणं दोन दिवस बंद होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच वडगाव निंबाळकरचा एक माणूस आला. कडबाकुट्टीची मशिनं दुरुस्त करणारा. बाईमाणूस लेथ चालवते म्हणून आधी तो कचरत होता. पण त्या दिवशी भोक पाडून घ्यायचे गनमेटलचे बुश, दांड्यावर बसणाऱ्या जाड कड्या, पोत्यात घालून आला आणि म्हणाला, "ह्यातला एक माझ्यासमोर करून दावा. बसला तर हितनं पुढं माझं सगळं काम तुमच्याकडंच."

सूनबाईनं पदर खोचला. शेडच्या तोंडाशी शेजारचे दोघंतिघं येऊन थांबले. तिनं मोठं ड्रिल चकात सरकवलं आणि कॉलर सोडली. बाहेरून ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता, त्यात तिला आवाज कळला नसावा. मला कळला. टक् झालं नव्हतं. दबकं, चिखलात खडा पडल्यासारखं काहीतरी वाजलं.

मी बोललो नाही. होऊ दे काय होतंय ते, असं मनात आलं. खरं लिहायचं तर, व्हावंच असं आलं.

ड्रिल आत गेलं. तिनं टेलस्टॉक मागं घेतला, तर चक रिकामाच मागं आला. ड्रिल होल्डरसकट बुशात अडकून गरगर फिरत राहिलं. तिनं बटण दाबेपर्यंत ते तुटलं आणि बुशाच्या आत ही मोठी घळ पडली.

 आणि सगळ्यांसमोर मी बोललो, "बाईचा हात, त्यात हे खेळणं. मी कवापास्नं सांगतोय."

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. पोतं उचललं. "आबाच असं म्हणत्यात म्हणल्यावर काय राव, मी परका माणूस." गाडीला किक मारून तो गेला. बाकीचेही पांगले.

ती रडली नाही. पिन काढून तिनं कॉलर उतरवली. आत तांबडापिवळा गाळ, आणि एका छर्ऱ्याखाली चेंगरलेला तांदळाचा दाणा. छर्रा खाचेत बसणार कसा? तिनं तो दाणा चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवला.

"पावला देव, आबा."

मी म्हणालो, "अगं, रीत असती ती..."

"रीत ऱ्हाऊ द्या. तुमचा हात कापायला लागला तवा तुमचे किती जॉब मी मागनं गुपचूप नीट केलं, ठावं हाय? कुण्या गिऱ्हाइकाला बोलले का कधी, म्हातारा चुकतोय म्हणून?"

ठाऊक नव्हतं. माझा हात अजून बरा आहे असं मी गावभर सांगत फिरायचो ते तिच्याच कामाच्या जोरावर. पाठ करून ती चक धुवायला बसली. मी दाणा मुठीत धरला. हात धुवायलाही जाववेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो दाणा कागदात बांधून खिशात टाकला आणि कुणाला न सांगता वडगाव निंबाळकरला गेलो. तो माणूस दूध संकलन केंद्रावर रांगेत किटली धरून उभा होता. दूध घालायला आलेली दहापाच माणसं पुढंमागं.

"आबा? हितं कुठं?"

वाटेत ठरवलं होतं, त्याला बाजूला घेऊन सांगायचं. पण तिला बोललो होतो ते चारचौघांत. म्हणून रांगेतच पुडी उघडली. "हे तिच्या चकात मी घातलं हुतं. ती नको म्हणत असताना, चोरून. आवाज चुकला तेबी मला कळलं हुतं. तिच्या हातात खोट न्हाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "म्हाताऱ्यानं सुनंवर अक्षता टाकल्या म्हणा की!" रांग हसली. मी पुडी तशीच उघडी धरून ठेवली.

तो हसला नाही. किटली पुढं सरकवत म्हणाला, "बुश घरी हायत. पर मी आणून देणार न्हाय. तुमीच न्या."

त्याच्या घरून पोतं उचललं. जड होतं. खांद्यावर घेतलं आणि स्टँडकडं निघालो.